गुनाह आणि गुन्हा

आठवीच्या वर्गात दरवर्षी एक चूक हमखास होते. माझी मुलं घरी उर्दू बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. भाषांतराच्या उर्दू उताऱ्यात ‘गुनाह’ हा शब्द आला की निम्मा वर्ग मराठीत ‘गुन्हा’ लिहून मोकळा होतो. मी लाल शाईने खोडतो, शेजारी ‘पाप’ लिहितो आणि मग फळ्यावर समजावून सांगतो. शब्द एकच, फारसीतून आलेला. उर्दूत तो धर्माच्या घरी राहिला, मराठीत मात्र कचेरीत नोकरीला लागला. उर्दूतला गुनाह म्हणजे अल्लाहच्या आज्ञेचा भंग, त्याचा हिशेब कयामतच्या दिवशी. मराठीतला गुन्हा म्हणजे कायद्याचा भंग, त्याची नोंद पोलीस ठाण्यात. त्याला उर्दूत ‘जुर्म’ म्हणतात. शेजाऱ्याशी खोटं बोलणं गुनाह आहे, पण त्यासाठी हवालदार दारात येत नाही. हेल्मेट न घालणं जुर्म आहे, पण त्यासाठी कुणी तौबा करत नाही.

तेरा वर्षांच्या मुलांची ही चूक मी समजू शकतो. पण धर्मशास्त्र शिकण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांच्या एका शब्दावर लाखो माणसं मान डोलावतात, त्या कॅथॉलिक बिशपांनीही हीच चूक करावी आणि त्यापायी जिवंत माणसं गजाआड जावीत, हे मला समजत नाही. आणि ही चूक त्यांच्याच सर्वोच्च धर्मगुरूंनी जाहीरपणे दाखवून दिली होती.

जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला मुलाखत दिली. समलिंगी असणं हा गुन्हा नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. त्याला गुन्हा ठरवणारे कायदे अन्यायकारक आहेत आणि अशा कायद्यांची पाठराखण करणाऱ्या बिशपांना स्वतःत बदल घडवण्याची गरज आहे, असंही ते म्हणाले. पाप आणि गुन्हा यांत आधी फरक करा, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात दक्षिण सुदानहून परतताना विमानात त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. सोबत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे प्रमुख होते. तिघांचंही यावर एकमत झालं.

समलिंगी संबंध पाप आहेत की नाहीत, हा माझा आजचा विषय नाही. कॅथॉलिक चर्च त्यांना पाप मानतं. माझ्या धर्मातले बहुतेक सगळे उलेमाही मानतात. मी आलिम नाही, मास्तर आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. एखादी गोष्ट पाप मानली की तिच्यासाठी तुरुंग बांधायलाच हवा का? आणि कुणी तो बांधायला निघालं तर धर्मगुरूंनी विटा वाहायच्या की वाट अडवायची?

फ्रान्सिस यांनी काही नवं काढलं, असं म्हणून हा विषय झटकता येत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या चर्चच्या सर्वांत मान्यवर धर्मपंडिताने लिहून ठेवलं आहे की मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालायची नसते. ज्यांनी इतरांना इजा होते आणि ज्यांना आळा घातल्यावाचून समाज टिकणार नाही, अशा गंभीर गोष्टींपुरताच कायदा असावा. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये या कायद्याचा फेरविचार वुल्फेंडन समितीपुढे चालू होता. तेव्हा लंडनचे कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या कॅथॉलिक समितीने सांगितलं की प्रौढांनी परस्परसंमतीने, खासगीत केलेलं कृत्य पाप असलं तरी तो फौजदारी कायद्याचा विषय नाही. ब्रिटनच्या संसदेला हे पटायला १९६७ उजाडलं. म्हणजे कॅथॉलिक समिती संसदेच्या अकरा वर्षं पुढे होती! १९९२ च्या ‘कॅटेकिझम’ या अधिकृत ग्रंथात समलिंगी कृत्यांना कडक शब्दांत चूक ठरवलं आहे, पण त्याच पानावर अशा माणसांशी आदराने आणि करुणेने वागा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नका, असंही बजावलं आहे. खुद्द व्हॅटिकन नगरराज्यात समलिंगी संबंधांना शिक्षा देणारा कायदा नाही.

पुस्तकात सगळं ठीक आहे. घोडं पेंड खातं ते पुस्तक मिटून संसदेच्या दारात उभं राहिल्यावर.

डिसेंबर २००८. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करा, असं निवेदन फ्रान्सच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत मांडलं गेलं. ६६ देशांनी पाठिंबा दिला. व्हॅटिकनने विरोध केला. गंमत अशी की अशा शिक्षा रद्द व्हाव्यात, असं व्हॅटिकनच्या प्रतिनिधीने त्याच वेळी म्हटलं. मग विरोध कशाला? तर निवेदनातली ‘लैंगिक कल’ आणि ‘लिंगओळख’ ही शब्दयोजना मान्य नव्हती; तिच्या आडून उद्या समलिंगी विवाह येतील, ही भीती. घर जळताना बादलीच्या रंगावरून भांडण्यातला हा प्रकार.

युगांडाची कथा अधिक बोलकी आहे. २००९ मध्ये तिथे समलिंगी संबंधांसाठी फाशीची तरतूद असलेलं विधेयक आलं. तेव्हा कंपालाचे कॅथॉलिक आर्चबिशप सिप्रियन ल्वांगा यांनी नाताळच्या संदेशात त्याला विरोध केला. हा रोख पापावर नाही, पाप्यावर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. धाडसाचं काम होतं ते, मी मनापासून सलाम करतो. पण जून २०१२ मध्ये युगांडातल्या ख्रिस्ती चर्चच्या संयुक्त परिषदेने हेच विधेयक लवकर मार्गी लावा, असा ठराव केला, आणि त्या परिषदेत कॅथॉलिक बिशपही होते. २०१४ मध्ये कायदा झाला. संसदेत गणसंख्या पुरी नव्हती म्हणून न्यायालयाने तो काही महिन्यांत रद्द केला. मे २०२३ मध्ये नवा कायदा आला : समलिंगी संबंधांना जन्मठेप आणि काही प्रकारांत थेट मृत्युदंड. ते ‘काही प्रकार’ मुलांवरच्या अत्याचारापुरते नाहीत. वारंवार ‘गुन्हा’ करणाराही त्यात येतो. ओळखीच्या माणसाची खबर पोलिसांना देण्याची सक्ती होती, ती २०२४ मध्ये न्यायालयाने काढली. बाकीचा बहुतेक कायदा कायम राहिला. अँग्लिकन आर्चबिशपांनी या कायद्याचं उघड स्वागत केलं. कॅथॉलिक बाजूने २००९ सारखा खणखणीत आवाज उठला नाही. पोपच्या मुलाखतीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. आणि मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, अशी दुरुस्ती याच चर्चने २०१८ मध्ये आपल्या कॅटेकिझममध्ये केली होती.

नायजेरियात जानेवारी २०१४ मध्ये समलिंगी विवाहाला १४ वर्षांपर्यंत आणि अशा लोकांच्या संस्था चालवण्याला १० वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा झाला. तिथल्या बिशप परिषदेचे अध्यक्ष, आर्चबिशप इग्नेशियस काइगामा यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमच्या धर्मसभेत हेच आर्चबिशप पत्रकारांना म्हणाले की समलिंगी माणसाला गुन्हेगार ठरवणं आम्हाला मान्य नाही, अशा कुणाचा छळ झाला किंवा त्याला कैद केलं तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. कौतुक घरी, करुणा रोममध्ये! लेगोसच्या कोठडीत बसलेल्या पोराने यातलं कोणतं वाक्य जामिनासाठी दाखवायचं?

घानामध्येही तेच. समलिंगी म्हणून नुसती ओळख सांगितली तरी तीन वर्षांपर्यंत कैद, असं विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने मंजूर केलं. घानाच्या कॅथॉलिक बिशप परिषदेचा त्याला पाठिंबा होता. त्याच घानाचे सुपुत्र कार्डिनल पीटर टर्कसन यांनी काही महिने आधी बीबीसीवर सांगितलं होतं की समलिंगी असण्याला गुन्हा मानू नये. राष्ट्राध्यक्षांची सही न झाल्याने ते विधेयक बारगळलं आणि नव्या संसदेत पुन्हा आणलं गेलं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये तर असा कायदा रद्द करण्याच्या खटल्यात कॅथॉलिक चर्च कायदा टिकावा म्हणून स्वतः पक्षकार झालं. २०१६ मध्ये न्यायालयाने कायदा मोडीत काढला.

बिशपांची बाजूही ऐकू. त्यांचा पहिला दावा असा की ही पाश्चात्त्य थेरं आमच्यावर लादली जात आहेत. मदत आणि कर्जं अडवून धरण्याची श्रीमंत देशांची दांडगाई खरी आहे, तिचा राग येणंही रास्त आहे. पण कायदा कुठून आला? ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द युगांडाच्या, नायजेरियाच्या दंडसंहितेत आहेत, तेच आमच्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमात होते. १८६० चं ते कलम इंग्रजांनी इथून साम्राज्यभर नेलं. मजेची गोष्ट म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी, १८५८ मध्ये, खिलाफतीची गादी असलेल्या उस्मानी साम्राज्याने नवी दंडसंहिता केली. तिच्यात प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना शिक्षा देणारं कलम नव्हतं. म्हणजे पाश्चात्त्यांनी लादलेलं काही असेल, तर ते हे कलम आहे.

दुसरा दावा मुलांच्या संरक्षणाचा. त्यावर मात्र बोलण्याआधी चर्चने जरा आरशात पाहावं. बोस्टनमधल्या पाद्र्यांची प्रकरणं २००२ मध्ये बाहेर आली. फ्रान्समध्ये २०२१ साली स्वतंत्र आयोगाने अंदाज दिला की १९५० पासून सुमारे २ लाख १६ हजार मुलं धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडली. हे निखळ गुन्हे होते. पण वर्षानुवर्षं ते पाप म्हणून हाताळले गेले : कबुली घ्या, प्रायश्चित्त द्या, पाद्र्याची बदली करा, पोलिसांना कळवू नका. उलट दोन प्रौढांमधली संमतीची गोष्ट, जी त्यांच्याच शिकवणीनुसार पाप आहे, तिच्यासाठी पोलीस हवेत. जिथे ठाणं गाठायला हवं होतं तिथे कबुलीजबाबाची खोली, आणि जिथे ती खोली पुरेशी होती तिथे ठाणं. माझ्या आठवीच्या मुलांचं भाषांतरही इतकं उलटं होत नाही.

‘मुसलमान होऊन दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावता?’ असं कुणी विचारेल. रास्त आहे. आपल्या घरातलं वाकलेलं मुसळ आधी दाखवतो. ब्रुनेईने २०१९ मध्ये अशा संबंधांना दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा कायद्यात आणली. जगभर आरडाओरडा झाल्यावर अंमलबजावणी थांबवली. इराकने एप्रिल २०२४ मध्ये १० ते १५ वर्षं कैदेचा कायदा केला. इराण आणि सौदी अरेबियाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि मदरशातल्या मुलाची तक्रार ‘इज्जत’ या नावाखाली दाबणारे महाभाग आमच्याकडेही आहेत.

भारतातही आमचा हिशेब बरा नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ ची धार काढली, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, काही ख्रिस्ती संघटना होत्या, हिंदुत्ववादीही होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे एका बाकावर. ११ डिसेंबर २०१३ रोजी ते जिंकले. त्या दिवसांत वेगळा आवाज आला तो मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचा. समलिंगी व्यक्तींना आम्ही कधीच गुन्हेगार मानलेलं नाही, असं ते म्हणाले. ते तेव्हा भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष होते. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होता आणि तोही त्यांनी लपवला नाही. धर्मगुरूला आपली शिकवण न सोडता हा फरक करता येतो, याचा पुरावा शोधायला रोमला जायची गरज नाही. आमच्या बोर्डातून तसं वाक्य तेव्हा आलं नाही, याची मला लाज वाटते.

लाज वाटायला आणखी एक कारण आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि घरात कोणतं मांस आहे हाही पोलिसांचा विषय झाला. आम्ही म्हणालो, माझ्या स्वयंपाकघरात सरकारचं काय काम? मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, ती खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मूलभूत ठरवला आणि त्याच हक्कावर ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ चा तो भाग गेला. धर्मांतरविरोधी कायद्यांविरुद्ध ख्रिस्ती धर्मगुरू हेच बोलतात : माणसाचा विवेक ही पोलिसांची हद्द नाही. बरोबर बोलतात. मग स्वयंपाकघराच्या दारात अडवलेल्या हवालदाराला शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीची वाट दाखवायची कोणत्या तोंडाने? अल्पसंख्याकांनी तर हे कधीच करू नये. ती काठी आज ना उद्या आपल्याच पाठीवर येते.

आमच्या परंपरेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांवर पाळत ठेवू नका, अशी स्पष्ट आज्ञा आहे. हजरत उमर यांची एक गोष्ट सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. पाहतात तर माणूस दारू पीत बसलेला. तो म्हणाला, माझ्याकडून एक चूक झाली, पण तुमच्याकडून तीन : तुम्ही पाळत ठेवलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता, परवानगी न घेता घरात शिरलात. खलिफा निमूट परत गेले. दारू त्यानंतरही हरामच राहिली. बदलली ती फक्त भिंत चढणाऱ्याची समजूत.

आता एक कबुली. ११ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नोकरीला लागलेला, घरी पैसे पाठवणारा, ईदला न चुकता सलाम करणारा मुलगा. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच म्हणाला, “सर, आजपासून मी परत मुजरिम झालो ना?” त्याने माझ्याजवळ स्वतःबद्दल उच्चारलेलं ते पहिलंच वाक्य. मी काय म्हणालो? नमाजेची पाबंदी कर, दुआ माग, आईवडिलांचा विचार कर, निकाहचं मनावर घे. तो “जी सर” म्हणत राहिला. नंतर त्याचा फोन आला नाही, ईदलाही नाही.

त्याने विचारलं होतं जुर्माबद्दल. मी उत्तर दिलं गुनाहाचं. त्याला भीती पोलिसांची होती, ब्लॅकमेल करणाऱ्याची होती, नोकरी जाण्याची होती. त्याच्या धर्माचं काय, हे तो माझ्यापेक्षा जास्त रात्री जागून विचारत असणार. ज्याने आयुष्यभर या दोन शब्दांतला फरक शिकवला, त्याला ऐन वेळी तो आठवला नाही.

म्हणूनच बिशपांची पत्रकं वाचताना मला माझाच आवाज ऐकू येतो. तुरुंगाबद्दल विचारलं की ते विवाहाच्या पावित्र्यावर बोलतात. फाशीबद्दल विचारलं की कुटुंबसंस्थेवर. बोला, जरूर बोला, तो तुमचा अधिकार आहे. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, आणि उत्तर टाळणं हेही कायद्याच्या बाजूने मत टाकण्यासारखंच आहे.

मला चर्चने आपली शिकवण बदलावी असं म्हणायचं नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न. मागणं एवढंच आहे की रोममध्ये बोललेलं वाक्य अक्रा, कंपाला आणि अबुजातही बोला. मुलाखतीत आणि विमानात बोललात, आता विधेयक मतदानाला असताना, आपल्या लोकांच्या भाषेत, रविवारच्या प्रवचनात बोला. फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत काइगामा राजधानी अबुजाचे आर्चबिशप झाले, आणि कायद्याची पाठराखण करणाऱ्या बिशपांनी बदलावं हे फ्रान्सिस यांचं म्हणणं मुलाखतीपुरतं राहिलं, त्याचा आदेश झाला नाही. ते काम आता पोप लिओ यांच्याकडे आलं आहे. बिशप नेमणाऱ्या रोमला बिशपांना दोन ओळींची सूचना धाडणं अवघड नसावं : पाप शिकवा, पण तुरुंग मागू नका.

आणि आमच्या उलेमांना, बोर्डाला, माझ्यासारख्या मास्तरांनाही हेच लागू आहे. त्या मुलाचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. उत्तर चुकलं होतं, एवढं तरी त्याला कळवायला हवं.